न थरथरणारा हात

आमच्या गावात आता ज्याच्या नावावर सातबारा आहे, तो प्रत्येक जण फोटोग्राफर झालाय. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या रानात काय पेरलंय ते आपणच मोबाईलवर नोंदवायचं, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. पीकविम्याचंही काही वर्षं तेच होतं. गारा पडल्या, रानात पाणी तुंबलं, तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं आणि सोबत फोटो लावावा लागायचा. रुमणं धरून ज्यांची बोटं वाकडी झाली, त्यांनाही आता त्या गुळगुळीत काचेवर बोट ठेवून उभं राहावं लागतं.

मग लोक माझ्याकडे येतात. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी, पण शेतीला जोड म्हणून वीस-बावीस वर्षं पंचक्रोशीत कॅमेरा घेऊन हिंडलोय. लग्नं, बारशी, शाळेचे निरोपसमारंभ, पोळ्याचे बैल, सगळं केलं. म्हणून पोरं येतात अन् म्हणतात, "आबा, फोटो हलला बघा." मी म्हणतो, "फोटो कसा हलंल बाबा, आपण हललो."

अन् मग जे सांगतो ते असं. मोबाईल असो की कॅमेरा, दोन्ही हातांनी धरा. हात लांब करू नका. कोपरं बरगड्यांना टेकवा. पाय थोडे फाकवून उभे राहा. श्वास घ्या, अर्धा सोडा, उरलेला तसाच धरून बटण हळू दाबा. बटणाला आचका द्यायचा नाही. गाईच्या सडाला आचका दिला की ती लाथ मारते, फोटोही तसाच लाथ मारतो. कुणी विचारतं की हात लांब केला तर काय होतं? भरलेली घागर हात लांब करून धरून बघा. दहा मोजेपर्यंत हात लटलटायला लागतात. तीच घागर कमरेवर घेतली की बाई विहिरीपासून घरापर्यंत गप्पा मारत येते. वजन तेवढंच असतं, फक्त ते अंगाजवळ घेतलेलं असतं.

हे मला तालुक्याच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी शिकवलं. माझा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. एकशेवीसचा रोल, बारा चौकोनी फोटो, जुळवायला त्यात फारसं काही नव्हतंच. पुढं काकांकडूनच एक जुना एसएलआर कॅमेरा घेतला, पन्नास एमएमच्या लेन्सचा. काकांचा नियम होता की या लेन्सला शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहणार असेल, तर हातावर विश्वास ठेवायचा नाही. भिंत, खांब, झाड, टेकायला काहीतरी बघायचं. छत्तीस फोटोंचा रोल, धुण्याचे पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे. एक फोटो हलला की एका भाकरीचं पीठ सांडल्यासारखं वाटायचं.

पेरणी केलेल्या माणसाला हे फार शिकवावं लागत नाही. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात थरथरला की कुठं बी दाट पडतं, कुठं रान मोकळं राहतं, आणि तिचा तो हात चार महिने साऱ्या गावाला दिसतो. "तिची मूठ चांगली हाय" असं आमच्यात म्हटलं की ती मोठी शाबासकी. त्यामुळं न थरथरणारा हात हा गुणच आहे, हे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. त्यावर मला पहिल्यांदा प्रश्न विचारला तो एका म्हातारीनं.

१९८८ सालची गोष्ट. शेजारच्या वस्तीवरून सकाळीच एक जण आला. म्हणाला, "दादा, माय गेली. तिचा एक बी फोटू न्हाई. उचलायच्या आत एक काढा." असं बोलावणं तेव्हा नवं नव्हतं. जन्मभर ज्यांच्यासाठी फोटोला कुणी पैसा घातला नाही, अशा कितीतरी माणसांचा पहिला आणि शेवटचा फोटो तिरडी बांधायला घेतल्यावर निघायचा. मी गेलो. आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. माळवदाचं घर, उजेड फक्त दारातून येणारा. फ्लॅश तेव्हा माझ्याकडे नव्हता. शटर पंधरावर आणावं लागलं. मी लाकडी मेढीला खांदा लावला, श्वास धरला. बाया रडत होत्या, पोरं रडत होती आणि मी एकामागं एक तीन फोटो काढले. कॅमेरा खाली घेतला तेव्हा गेलेल्या बाईची धाकटी बहीण माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "एवढी माझी अक्का गेली, अन् तुजा हात जरा बी कसा थरथरंना रं?"

मी काही बोललो नाही. पण तिचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. दुसऱ्याच्या दुःखापुढं ज्याचा हात थरथरत नाही, तो माणूस चांगला म्हणायचा की वाईट?

सोपं उत्तर असं की डॉक्टरचा हात थरथरला तर चालेल का? सुईणीचा? अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून वासराचे पाय वळवणाऱ्याचा? त्यांचे हात स्थिर असतात म्हणून समोरचा जीव वाचतो. पण हे उत्तर मला पुरलं नाही. डॉक्टर अन् सुईण काहीतरी वाचवतात. मी काय वाचवत होतो? माय तर गेली होती. आणि गहाणखत लिहिताना सावकाराचाही हात थरथरत नाही. हात स्थिर आहे एवढ्यावरून माणसाची पारख होत नाही.

त्या फोटोचं पुढं काय झालं ते सांगतो. तिन्हींतला एक लख्ख आला. पापणीची कड, कपाळावरचं गोंदण, गळ्यातला काळा दोरा, सगळं मोजून घ्यावं असं. तालुक्याच्या स्टुडिओत रंगकाम करणारा एक माणूस होता. त्यानं मोठ्या प्रिंटवर बारीक ब्रशनं तिचे डोळे उघडे करून दिले. त्या काळी हे काम चालायचं. यात खोटेपणा आहे असं कुणी म्हणेल, पण जन्मभर ते डोळे उघडेच होते, तेव्हा मला ते खोटं वाटत नाही. पापणीची रेघ साफ होती म्हणून त्याला ते जमलं. हललेल्या फोटोवर त्यानं ब्रश कुठं टेकवला असता? आज तिच्या नातवंडांची पोरं तिला त्या फोटोवरून ओळखतात. म्हणजे काहीतरी वाचलं होतं.

तरी प्रश्न सुटला असं मला म्हणता आलं नाही, कारण पुढं १९९३ आलं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, हे आमच्याकडचं ऊन-थंडीला फार चांगलं घर. तेच झोपलेल्या माणसांवर बसलं. लातूर-उस्मानाबादमधली गावंच्या गावं गेली. मेलेल्यांचा सरकारी आकडाच आठ हजारांच्या आसपास आहे.

आम्ही ट्रॅक्टरमधून भाकरी आणि पाणी घेऊन गेलो. कॅमेरा पिशवीत होता आणि दोन दिवस पिशवीतच राहिला. रस्त्याला मात्र बघ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. काही जण खाली न उतरता, चालू जीपच्या खिडकीला कॅमेरा टेकवून फोटो घेत होते. तिसऱ्या दिवशी एका माणसानंच माझी पिशवी बघून विचारलं, "फोटूची मशीन हाय का तुमच्यापशी?" मी हो म्हणालो. तो मला एका ढिगाऱ्याजवळ घेऊन गेला. म्हणाला, "हितं आमचं घर व्हतं. आता समदं सारखंच दिसतंय. उद्या हितं मशीन फिरलं की हे बी ऱ्हायचं न्हाई. हितं व्हतं म्हणून एक काढून ठिवा."

तो ढिगाऱ्याशेजारी दगडावर बसला. मी उभा होतो आणि माझे हात थरथरत होते. मग मी त्याच्यासमोर मातीत बसलो. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली. मी खाली बसल्यावर तो बोलायला लागला. चूल कुठं होती, कणगी कुठं, माय कुठं निजली होती, सगळं हात करून दाखवत गेला. मी ऐकत राहिलो. बराच वेळ गेला. मग फोटो काढला. तो हलला नाही.

तेव्हापासून मला वाटतं की हात थरथरतो की नाही एवढं विचारून भागत नाही. तो कशानं स्थिर झालाय हेही विचारलं पाहिजे. समोरचं काही आपल्याला लागतच नसेल तर हात स्थिर राहतो, सावकाराचा राहतो तसा. आणि समोरचं वजन आपल्या अंगावर घेतलं तरी हात स्थिर होतो, घागर कमरेवर घेतलेल्या बाईचा होतो तसा. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून त्या म्हातारीनं मला विचारलं ते रास्तच होतं.

माझा एक मास्तर मित्र आहे. त्यानं माझं हे बोलणं खोडून काढलं. म्हणाला, "तू दोन दिवस पिशवी बंद ठेवलीस त्याचं कौतुक सांगू नको. बाहेरच्यांनी फोटो काढले, ते छापून आले, म्हणून देशातून अन् परदेशातून मदत आली. समद्यांनीच पिशव्या बंद ठेवल्या असत्या तर?" त्याचं म्हणणं खरं आहे. आमचं दुःख जगाला सांगायला कुणीतरी लागतोच आणि त्या प्रत्येकाला मातीत बसून ऐकायला वेळ असेल असं नाही. पण एवढं मान्य करूनही एक गोष्ट उरते. आपण ज्याचा फोटो घेतोय तो माणूस आहे की ढिगाऱ्याचाच एक भाग, हे कॅमेरा धरणाऱ्यानं आधी आपल्याशी ठरवलेलं असतं. त्यासाठी वेळ लागत नाही. गाडीतून खाली उतरायला किती वेळ लागतो?

हाताचं एवढं झालं. पण हात स्थिर असूनही फोटो धूसर येतो, तेव्हा गडबड बघण्यात असते. दोन्ही धूसरपणा वेगळे ओळखू येतात. हात हलला असेल तर उजेडाचे ठिपके एका बाजूला ओढल्यासारखे लांबट होतात. फोकस जुळला नसेल तर तेच ठिपके गोल फुगतात आणि बऱ्याचदा पुढचं किंवा मागचं दुसरंच काहीतरी साफ आलेलं असतं.

एसएलआर कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, लेन्सची रिंग फिरवून आम्ही फोकस जुळवायचो. चाळिशी लागली तसं मला त्यातलं सगळंच अंधुक दिसायला लागलं. जुन्या कॅमेऱ्याला त्यासाठी डोळ्यापाशी वेगळी छोटी काच बसवावी लागायची. पुढं डिजिटल कॅमेरा घेतला, त्याला व्ह्यूफाइंडरच्या शेजारीच एक बारीक चाक होतं. ते जुळवायची रीत अशी. कॅमेरा कोऱ्या भिंतीकडं किंवा मोकळ्या आभाळाकडं धरायचा, सूर्याकडं मात्र नाही. बाहेरचं काही बघत बसायचं नाही. व्ह्यूफाइंडरच्या आतच ज्या खुणा असतात, फोकसचे चौकोन, खालचे आकडे, त्या स्वच्छ दिसेपर्यंत चाक फिरवायचं. आतल्या रेघा साफ झाल्या की मग बाहेर बघायचं.

गंमत अशी की ते चाक फिरवून फोटोवर स्वतःहून काहीच उमटत नाही. त्यानं फरक पडतो तो बघणाऱ्याला. माझ्या डोळ्याला जुळवलेला कॅमेरा पुतण्यानं हातात घेतला की तो म्हणतो, "काका, कॅमेरा बिघडला." कॅमेरा चांगला असतो. त्याचा डोळाही चांगला असतो. चाक दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेलं असतं, एवढंच. गावातली निम्मी भांडणं मला अशीच वाटतात. बांधाच्या कोरावरून दोन भाऊ भांडतात, दोघं आपापल्या चाकातून बघतात आणि दोघंही म्हणतात की समोरचाच बिघडलाय.

याचा अनुभव २०१४ च्या गारपिटीत आला. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, आणखी कुठं कुठं गारा पडल्या आणि काढणीला आलेली पिकं झोपली. माझ्या शेजाऱ्याचा गहू असा आडवा झाला की वरून रोलर फिरवलाय असं वाटावं. एक जण कॅमेरा घेऊन शहरातून आला. कॅमेरा चांगला, लेन्स मोठी, हातही पक्का. शेजारी बांधावर उभा राहून रानाकडं बघत होता. आलेला माणूस त्याला म्हणाला, "काका, जरा खाली बसा. कपाळाला हात लावा. हां, आता वर आभाळाकडं बघा." शेजारी भिडस्त माणूस, त्यानं केलं तसं. संध्याकाळी मला म्हणाला, "दुख खरं हाय, पण त्यो हात माजा न्हवता."

त्या फोटोत खोट काढायला जागा नसणार. हात स्थिर, फोकस साफ. पण काढणाऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये शेतकरी आधीच कोरलेला होता, कपाळाला हात लावलेला आणि नजर आभाळाला लागलेला. समोरचा माणूस त्यानं त्या रेघांत बसवून घेतला. आतल्या खुणा साफ करायच्या त्या बाहेरचं नीट दिसावं म्हणून. त्यांनाच चित्र समजलं की समोरचा माणूस बघायचा राहून जातो.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यायचे होते. त्याआधी रान जसं होतं तसं राहावं म्हणून मीही फोटो काढले. शेजाऱ्याला म्हणालो, "तुला काय दाखवायचंय ते दाखव." त्यानं वाकून चार ओंब्या उचलल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर मारली आणि हात पुढं केला. तळहातावर मोजके काळवंडलेले दाणे. चेहरा फोटोत नको म्हणाला. त्याचा हात थरथरत होता. मी त्याला हात हलवू नको असं म्हणालो नाही. शटरचा वेग वाढवून पाचशेवर नेला. समोरचंच हलत असेल, वाऱ्यावरचं पीक म्हणा, रांगतं पोर म्हणा, किंवा असा हात म्हणा, तर आपण नुसतं स्थिर राहून उपयोग नसतो. तिथं शटर लवकर मिटावं लागतं. म्हणजे जुळवून घ्यायचं ते आपण. समोरच्यानं आपल्यासाठी थरथरायचं थांबवावं, असा हट्ट धरायचा आपल्याला अधिकार नाही.

आता फोटोग्राफर लागतच नाही. हायवेला मोटारसायकलवाला पडला की बघता बघता आठ-दहा हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. त्यांच्यावर चिडावं असं पुष्कळांना वाटतं. मला त्यातला हिशेब दिसतो. चांगला फोटो काढायला दोन्ही हात लागतात, हे मीच सगळ्यांना सांगत आलोय. पडलेल्या माणसाला उचलायलाही दोन्ही हात लागतात. देवानं दुसरी जोडी दिलेली नाही. तेव्हा आपले दोन हात कशाला लावायचे हे बटण दाबायच्या आधी ठरवावं लागतं आणि ते कुठल्याही कॅमेऱ्यात बसवून मिळत नाही. तिथं दुसरं कुणी उचलायला असेल, तर एखाद्यानं फोटो जरूर काढावा. पोलिसांना लागतो, विम्याला लागतो. पण दहा जणांनी काढायची गरज नसते. उचलायला चौघं लागतात.

त्या म्हातारीचा प्रश्न आज कुणी विचारला तर मी एवढंच सांगेन की हात थरथरला नाही, कारण तुमच्या अक्काचं तोंड मला नीट घरी पोचवायचं होतं. प्रत्येक वेळी हे उत्तर देता येईल असं नाही, म्हणून एक साधी परीक्षा मी ठेवलीय. ज्याचा फोटो काढतोय त्याच्या घरात, त्याच्या लेकराबाळांसमोर, तो भिंतीवर लावता येईल का? कपाळाला लावलेला तो उसना हात शेजाऱ्यानं आपल्या भिंतीवर लावला नसता. भूकंपातल्या त्या माणसानं मात्र ढिगाऱ्याचा फोटो नव्या घरात देवाच्या फोटोंशेजारी लावलाय. उत्तर नाही असं आलं तर मी कॅमेरा खाली घेतो. हो असं आलं तर कोपरं अंगाला लावतो, श्वास अर्धा सोडतो आणि बटण हळू दाबतो.